ओहळापलीकडचा कोरिया

आमच्या गावाच्या मधोमध एक ओहळ आहे. पावसाळ्यात तो गुरं ओढून नेतो आणि दिवाळी सरली की त्यात धड पाऊल बुडत नाही. चढावर वरची आळी, उतारावर खालची आणि मधे पाय टाकायला चार धोंडे. माझी आई वरच्या आळीची लेक आणि खालच्या आळीची सून. गावातल्या गावात दिलेली म्हणून बायका तिची थट्टा करायच्या, की हिला माहेरी जायला गाडी जुंपायला नको, नवऱ्याने डोळे वटारले की भाताचं भगोणं उचलून ही पलीकडे. ती हसायची. तिचं सगळं जग त्या दोन काठांवर मावलं होतं. इकडे बा, ती आणि मी. तिकडे तिचा धाकटा भाऊ गणू, माझा मामा. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलेला, आणि त्याचं लग्न व्हायचं होतं म्हणून अजूनही तिच्या लेखी तो पोरगाच. भाकरी थापताना तिचा एक कान कायम ओहळापलीकडे असे. गणू तिथे खोकला तरी हिला इथे ऐकू येतं, असं बा म्हणायचा, आणि म्हणताना थोडा जळायचा.

त्या वर्षी जगात कुठेतरी कोरिया नावाच्या देशात लढाई चालू होती. शाळेचे गुरुजी शहापूरच्या बाजाराहून शिळं वर्तमानपत्र आणायचे आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. एकाच देशाचे दोन तुकडे झालेत, वरच्या तुकड्यामागे रशिया, खालच्यामागे अमेरिका, आणि हे दोन्ही दांडगे समोरासमोर एकमेकांना बोट लावत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे आपलंच गाव की हे. वरची आळी रशियाची, खालची अमेरिकेची." सगळे पोट धरून हसले. गुरुजी लांब तळकोकणातले, विनोदी स्वभावाचे, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नाव चिकटलं. थोड्याच दिवसांत शेंबडी पोरंसुद्धा "तू कोन रे, रशिया का अमेरिका?" असं विचारून मग खेळायला घेऊ लागली. खेळ कसला, ओहळाच्या दोन काठांवरून गोफणगुंडे. शेजारच्या काशाचा डावा डोळा त्या खेळात गेला. मी तिथेच धुणं आपटत होते. त्याची आई धावत आली आणि गालावर आलेलं ते बुबुळ पदराने आत सारायला बघत होती. मारणाऱ्या पोराला कुणी रागावलं नाही. वरच्या आळीत म्हणाले, लढाईत असं होतंच. आमच्या आळीत म्हणाले, रशियाने डोळा फोडला, आता बघू.

नाव चिकटायला जागाही तयारच होती. आमच्याकडे भात कापून झालं की गवत. डोंगरउतारावरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. मुंबईचा एक शेट ते उभंच विकत घ्यायचा, वरच्या आळीची माणसं आणि वाडीवरचे ठाकर ते मजुरीने कापायचे, आणि खालच्या आळीच्या बैलगाड्या ते आसनगाव स्टेशनाजवळच्या वखारीत पोचवायच्या. बा त्या शेटचा मुकादम. मामा मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काढून, संपात नोकरी गेल्यावर परत आलेला. त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, लाल कापड आणि कुठल्याशा मासिकातून कापलेलं चित्र आलं. ट्रॅक्टरवर बसलेली गुबगुबीत रशियन बाई. ते त्याने देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलं. आई तिकडे गेली की दिवा लावून झाल्यावर त्या बाईलाही हात जोडायची. "असूं दे," म्हणायची, "कुनाची तरी लेकच हाय." मामाने कापणाऱ्यांची युनियन बांधली. कल्याणहून एक पुढारी यायचा, टाळ्यांचं भाषण करायचा आणि शेवटच्या गाडीच्या आत स्टेशन गाठायचा. शेट तर तेवढाही येत नसे. त्याचा निरोप यायचा, की गवत वेळेवर पाहिजे, कसं आणायचं ते मुकादमानं बघावं.

त्यात रेशनवर अमेरिकेचा मिलो आला. लालसर, ज्वारीसारखा दाणा. त्याची भाकरी तव्यावरच तडकायची आणि घशाखाली उतरताना खरवडत जायची. सुकटीचं कालवण लावून आम्ही ती खायचो, कारण दुसरं काही नव्हतं, आणि मुकादमाच्या घरात तिला नावं ठेवायची सोय नव्हती. मग बातमी आली की रशियाचाही गहू मुंबईच्या बंदरात उतरलाय. वरच्या आळीला जणू जावई मिळाला. मामाने कुठून तरी तो पायलीभर मिळवला आणि आईकडे पाठवला. बाने तो कोंबड्यांना टाकायला सांगितलं. आईने मूठभर कोंबड्यांपुढे टाकला, उरलेला भरडून गूळ घालून खीर केली, आणि बाने दोन वाट्या खाल्ल्या. "गहू कुठचा?" त्याने विचारलं. "शहापूरचा," आई म्हणाली. मला हसू आवरेना म्हणून मी गोठ्यात पळाले. या सगळ्या गोष्टीत हसण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून ते सांगून ठेवते. त्याच आठवड्यात रेशनच्या दुकानासमोर मिलो चांगला का गहू, यावरून जुंपली आणि आमच्या आळीच्या दगडू गाडीवानाने वरच्या आळीतल्या एकाच्या तोंडावर लोखंडी वजन हाणलं. जबडा असा सरकला की त्या माणसाने पुढे मरेपर्यंत पेजच प्याली. रांगेतल्या बायका सांडलेला मिलो रक्तासकट सुपात भरत होत्या.

त्यानंतर रोज काहीतरी. कापणाऱ्यांनी विळे खाली ठेवले. गाड्यांची दोरखंडं कापली जाऊ लागली. दगडूच्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कुणीतरी तोडली, तो बैल दिवसभर वाटेत बसून हंबरत होता आणि शेवटी दगडूनेच त्याला संपवलं. त्याबद्दल वाडीवरच्या चिंधू ठाकराला आमच्या माणसांनी धरलं. त्याने काही केलं होतं की नाही, कुणी विचारलंच नाही. त्याला चिंचेला बांधून गाडीच्या दोरीने मारलं. बा तिथे उभा होता. हात लावला नाही, थांबवलंही नाही. संध्याकाळी जेवताना आईने त्याच्या ताटात भाकरी ठेवली आणि हात मागे घेतला नाही. म्हणाली, "तुमी आन गणू एकमेकाच्या समोर येव नका. एक मरंल आन दुसरा फासावर जाईल. मी कुनाच्या दारात जावन रडू?"

"तुज्या भावाला सांग ना," बा म्हणाला. "विळा नाय उचलायचा तर नको उचलू. माज्या गाडीला आडवा येव नको."

"त्याला बी हेच सांगितलंय."

"मग काय बोलला?"

आईने सांगितलं नाही. मामा काय बोलला ते मला माहीत होतं, कारण दुपारी मीच तिच्याबरोबर होते. तो म्हणाला होता, "दाजी आपलाच मानूस हाय गो बाय. पन तो माज्या आडवा आला तर मी बाजूला नाय व्हायचो." दोघांचं बोलणं ऐकलं की वाटायचं एकच माणूस दोन घरांतून बोलतोय. आईला तेवढीच भीती होती, आणि त्या दिवसांत ती दुसरं काही बोलतच नसे. मी तेव्हा लग्नाला आलेली होते. माझ्या लग्नाचा विषयसुद्धा तिने बाजूला ठेवला. आधी हे दोघं जगू देत, म्हणायची.

शेटचे निरोप थांबेनात, तेव्हा बाने तोड काढली. कापायला कुणी येत नाही तर खालच्या आळीने स्वतःच कापायचं, आणि तेही युनियनवाले उठून वाट अडवायच्या आत. झुंजुमुंजू झालं की बायकापुरुष विळे घेऊन रानात. आता गवताचं काम ज्याने केलंय त्याला हे सांगायला नको की दहिवर पडलेलं गवत तसंच रचायचं नसतं. कापून पसरायचं, ऊन द्यायचं, उलटायचं, कुरकुरीत झालं की मग पेंढ्या बांधायच्या. आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक. पण पसरून ठेवलं तर दिवसा वरची आळी येऊन उधळून लावणार. म्हणून कापलं तसं ओलंच, अंगावर पाणी गळत, पेंढ्या बांधून आणलं आणि आमच्या घरामागच्या माळावर दोन मोठ्या गंज्या रचल्या. भोवती काठ्या घेऊन माणसं बसली. बा खूश होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "बघ हौसे, अमेरिकेचं काम कसं फटाफट असतंय."

काही आठवड्यांनी, भाताची झोडणी चालू असताना, सकाळी गंजीच्या शेंड्यावरून वाफ निघताना दिसू लागली. वाऱ्याने एक गोडसर वास यायचा, गूळ कढायला लागल्यावर येतो तसा. आई खळ्यावर जाताना थबकली. "अवो, गंजीला वास येतोय," ती म्हणाली. बा म्हणाला, "थंडीची वाफ हाय ती." त्याला खरोखर तसं वाटलं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, त्याला ते माहीत होतं आणि त्या वर्षी ते आठवायला सवड नव्हती. डोक्यात दिवसरात्र एकच, की पलीकडचे काय करतायत. आता नातू टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या देशातली लढाई लावतो, दोन्हीकडचे पुढारी एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मला तो गुळाचा वास येतो. नातवाला वाटतं आजीला चहा हवाय.

भर दुपारी गंजी पेटली. आधी धूर, मग आत कुणी भाता मारावा तशी धग आणि एकदम जाळ. मी आणि आई खळ्यावर होतो. माणसं हांडे घेऊन धावली, पण ओहळात पाणी कुठलं. दुसरी गंजी वाचवायला ओल्या गोणपाटांनी झोडपत असताना कोण ओरडलं देव जाणे, पण ओरडलं ते सगळ्यांनी ऐकलं. "गणूला बघितला मघाशी, ओहळाच्या काठाला. बिडी वढत होता." त्यानंतर कुणी जाळाकडे बघितलं नाही. घराघरातून कोयते, काठ्या, कुऱ्हाडी निघाल्या. बाच्या भुवया जळल्या होत्या, तोंड काळं झालं होतं. त्याने आमच्या दाराआडची कुऱ्हाड उचलली. मी त्याचा दंड धरला. त्याने मला असं झटकलं की मी जात्यावर पडले.

आई त्यांच्या आधी निघाली होती. तिने कासोटा खोचला आणि धोंड्यांवर पाय न देता सरळ ओहळातून धावली. मी तिच्यामागे. मामा आपल्या अंगणात भाताच्या पेंढ्या झोडत होता, अंगावर भुसा, घामाने निथळलेला. सकाळपासून तिथेच असावा, कारण शेजारी झोडलेल्या पेंढ्यांचा ढीग कमरेएवढा होता. बिडी त्याने ओढली असेल. आमच्याकडे कोण ओढत नव्हतं?

"पळ," आई म्हणाली. "तानशाच्या रानात जा. मागच्या वाटेनं."

"मी नाय पेटवली, बाय."

"मला नको सांगू रे. पळ."

"पळालो तर मीच पेटवली असं व्हईल. मंग आख्खी आळी जाळतील." त्याने हातातली पेंढी खाली ठेवली आणि दाराला टेकवलेली काठी घेतली.

एवढ्यात ते आलेच. मी लढाई म्हणजे काय ते त्या अंगणात पाहिलं. त्याला आरोळ्या नसतात. फार थोडा आवाज असतो, लाकडावर लाकूड आणि माणसाच्या अंगावर लाकूड. वरच्या आळीची माणसंही धावून आली. दगडू गाडीवानाची तीन बोटं कोयत्याने उडाली आणि तो ती भुशात शोधत गुडघ्यावर रांगत होता. एका म्हाताऱ्याच्या बरगड्यांवर कुणी उभं राहिलं. या सगळ्यातून बा सरळ चालत आला. मामाने काठी उचलली होती, पण समोर दाजी आहे हे बघून ती क्षणभर वरच राहिली. बाने कुऱ्हाड उलटी धरली होती. पुढे तो देवाशपथ सांगायचा की मी उलटी धरलेली, पात्याने मारलं नाही. आई मधे घुसली. पहिला घाव तिच्या हातावर बसला. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा मामाच्या कानशिलावर. तो भाताच्या पेंढ्यांवर बसला, झोपायला टेकावा तसा, आणि त्याच्या नाकातून आणि कानातून रक्त येऊ लागलं.

बा कुऱ्हाड टाकून उभाच राहिला. माणसं हळूहळू पांगली. मामा जिवंत होता, त्याला शहापूरच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि वरच्या आळीत गाडी नव्हती. मग आईने मला आमचीच गाडी आणायला पाठवलं, बाची. मी बैल जुंपले, मीच हाकले. आई मागे मामाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिचा मोडका हात पदराच्या झोळीत लोंबत होता, आणि ती दुसऱ्या हाताने त्याच्या कानातलं रक्त पुसत होती. सापगावच्या नदीत बैल पाणी प्यायला थांबले. मी शेपट्या पिरगाळल्या, चाबूक मारला, ते हलेनात. "मारू नको त्यांना," आई मागून म्हणाली. "घाई नाय आता."

दुसऱ्या दिवशी शहापूरचा फौजदार आला. त्याने पंचनाम्यासाठी वाचलेली गंजी मधोमध फोडायला लावली. दोन्ही आळ्या जमल्या होत्या, ओहळाच्या आपापल्या बाजूला. वरच्या पेंढ्या सोनेरी होत्या. जसजसं आत गेले तसतशा त्या तांबूस, मग तपकिरी, आणि पोटात काळ्याठिक्कर. त्यातून वाफा येत होत्या. फौजदाराने कुणाला काही विचारलं नाही, नुसतं बाच्या तोंडाकडे बघितलं. बाने पुढे होऊन त्या काळ्या गवतात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. तिथल्या प्रत्येकाला, पोरासोरांना, समजलं की गंजी कुणीच पेटवली नाही. गवताच्या मुलखातली माणसं आम्ही, आणि ओलं गवत आपोआप पेटतं हे एवढ्या सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मला त्या दिवशी संताप आला होता तो अजून उतरलेला नाही. बाचा नव्हे, सगळ्यांचाच.

मग आमच्या पडवीत बैठक झाली. आदल्या दिवसापर्यंत जे एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते ते मांडीला मांडी लावून बसले. कल्याणहून पुढारी आला होता, आणि मुंबईहून शेटचा दिवाणजी. दोघं सकाळी एकाच टांग्यातून स्टेशनावरून आले, हे मी पाहिलं. मजुरी थोडी वाढवायचं त्यांचं ठरलं होतं. पुढाऱ्याने वरच्या आळीला समजावलं की बोटं तोडणारी माणसं तुमची, केस उभी राहिली तर दोन्हीकडचे आत जातील, गणू आता काही परत येत नाही. दिवाणजीने आमच्या आळीला तेच उलट बाजूने समजावलं. गोंधळात कुणाचा घाव लागला ते कळलं नाही, असं सगळ्यांनी म्हणायचं. कोरियातही पुढे तेच झालं असं गुरुजींनी वाचून दाखवलं. एवढी माणसं मेली आणि रेघ होती तिथेच राहिली. पण ते नंतर.

बोलणं ठरल्यावर फौजदार पडवीत आला आणि त्याने एकेकाला विचारलं. वरच्या आळीचे म्हणाले, कळलं नाही. खालच्या आळीचे म्हणाले, कळलं नाही. मला विचारलं तेव्हा पुढारी आणि दिवाणजी दोघंही माझ्याकडे बघत होते. मी आत चुलीकडे बघितलं. बा खांबाला टेकून खाली बघत बसला होता. मग फौजदार सहज, कागद गुंडाळता गुंडाळता, आत चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाला, "बाई, तुमी तर मधेच होता. तुमी पाह्यलं का, कुणी मारलं?"

आई उठून उंबऱ्यात आली. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, तोंड सुजलेलं. "पाह्यलं," ती म्हणाली.

"कोण?"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडात घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानातसुद्धा कार्डावरचं नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची. पुढाऱ्याला तेवढी फट पुरली. तो म्हणाला, "बाईमाणूस आहे साहेब, तिला काय सांगता येणार?" फौजदारही मान हलवून उठायला लागला.

"सखाराम," आई म्हणाली. स्पष्ट, शाळेत हजेरी घेतात तसं. "सखाराम आमचा घरवाला. त्यानं मारलं. माजा भाव व्हता."

बाने वर बघितलं. आईच्या तोंडून आपलं नाव त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं असेल. तो उठला, खांबाला टांगलेला आपला सदरा घातला, बटणं नीट लावली, आणि कुणी न सांगता हवालदाराशेजारी जाऊन उभा राहिला. दिवाणजी काहीतरी बोलू लागला, त्याच्याकडे बाने बघितलंसुद्धा नाही.

ते अंगणात उतरले तेव्हा आई उंबऱ्यातच होती. मला म्हणाली, "हौसे, त्यांना पानी दे. शहापूरपर्यंत ऊन हाय."

मी तांब्या नेला. बाने तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. मग माझ्या हातात दिला आणि आईकडे न बघता म्हणाला, "तिच्या हाताला हळद लाव."